शून्य नव्हे, भांग

नोटीस बोर्डावरच्या त्या कागदात एक 'ही' होता. 'प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनीही अर्ज करण्यास हरकत नाही.' बाकी अख्खा कागद थर्ड इयरच्या हुशार मुलांसाठी होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं, पण मी तो 'ही' धरून बसले. कॉलेजचं पहिलं सेमिस्टर जेमतेम संपलेलं, लॅबकडे जायचा जिना मला अजून पहिल्या फटक्यात सापडत नव्हता, आणि बाईसाहेब निघाल्या संशोधन करायला! खरं सांगू का, मला एक जोरदार उत्तर हवं होतं. 'बीएस्सी करून पुढे काय?' हा प्रश्न मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये रोज कोणी ना कोणी विचारायचं, आणि आम्ही राहतो चौदाव्या मजल्यावर. लिफ्ट फार हळू चालते.

मुलाखत प्राणिशास्त्राच्या मॅडमनी घेतली. मॅडम नागपूरकडच्या. बोलणं सरळ, तोंडावर.

"पोहता येतं?"

"हो. सोसायटीच्या टँकमध्ये."

"चिखलाची किळस येते?"

"अजिबात नाही," मी ठोकून दिलं. घरी फरशी पुसताना पोछा पायाला लागला तर मी पाय धुऊन येते.

"खाडी पाहिली आहेस कधी?"

"रोज बघते, मॅडम. बाल्कनीतून."

मॅडम हसल्या. मला वाटलं, गेलं सगळं. पण त्या म्हणाल्या, "एक महिना ये. वही ठेव. महिन्याच्या शेवटी वही पाहीन, मग तुला ठेवायचं की नाही ते सांगीन. फर्स्ट इयरचं कोणी मी आजवर घेतलं नाही, तेव्हा फार उड्या मारू नको."

उड्या मारू नको म्हणे! मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले, कॅन्टीनमध्ये जाऊन दोन वडापाव घेतले आणि एक शेजारच्या टेबलावरच्या मुलीला देऊन टाकला. ती मुलगी माझ्या ओळखीचीसुद्धा नव्हती. "बर्थडे आहे का?" तिने विचारलं. "नाही, मला घेतलं," मी म्हणाले. एक महिन्यासाठी, हे सांगायचं मी विसरले.

काम काय होतं ते सांगते. करावे गावाच्या मागे खाडीचा चिखल आहे. त्या चिखलात निवट्या राहतात. निवटी म्हणजे बोटभर लांबीचा, डोळे वटारलेला मासा. हा मासा पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारतो आणि चाहूल लागली की बिळात शिरतो. मॅडमचे विद्यार्थी कित्येक वर्षं त्यांची बिळं मोजत होते. तिवरांच्या झाडीपासून पाण्याच्या दिशेने एक दोरी, दोरीवर सहा खुंट्या. ओहोटीला जायचं, प्रत्येक खुंटीपाशी पाइपची चौकट टाकायची, चौकटीच्या आत किती बिळं ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. बस, एवढंच. पण मला ते चंद्रावर जाण्याइतकं मोठं वाटत होतं. लोक पाम बीच रोडला गाड्या थांबवून फ्लेमिंगो बघतात, आणि मी मात्र शास्त्रीय पद्धतीने बिळं मोजणार!

पहिल्या रविवारी माझ्याबरोबर एक थर्ड इयरची ताई होती, आणि वाट दाखवायला करावेच्या एक मावशी. मावशींचा जन्म त्या खाडीवर गेलेला. नवरा जाळी लावायचा, त्या मासळी विकायच्या, आणि मॅडमच्या मुलांना चिखलात कुठे पाय ठेवायचा ते वर्षानुवर्षं सांगायच्या. मी नवे कोरे गमबूट घालून ऐटीत उतरले आणि चौथ्या पावलाला माझा पाय बाहेर आला, बूट आतच राहिला.

"पाय उचलू नको गो पोरी, सरकव," मावशी म्हणाल्या. "आन ते बूट काढ पयले. चिखलाला अनवानी पाय लागतान."

मी बूट काढले. थंडगार, मऊ चिखल बोटांच्या फटींतून वर आला आणि मी जी किंचाळले, ती घाबरून नव्हे हो, गुदगुल्या झाल्या म्हणून! त्या दिवशी सहाही चौकटी मोजून झाल्या. खाली, पाण्याकडच्या खुंट्यांपाशी तर बिळंच बिळं. घरी आले तेव्हा केसांतसुद्धा चिखल होता, आणि आईने मला दारातच उभं करून बादली आणली.

दुसऱ्या रविवारी मावशी कुणाच्या तरी हळदीला गेल्या होत्या. ताई बांधावर छत्री घेऊन बसली आणि मी एकटीच चिखलात. ओहोटीची वेळ मी छापील तक्त्यात बघून आले होते, त्यात काही गडबड नव्हती. वरच्या तीन खुंट्या नेहमीसारख्या. खालच्या तीन मात्र घोटाभर गढूळ पाण्यात. मला वाटलं, उतरायचं राहिलं असेल थोडं पाणी. तरी मी इमानदारीने चौकट टाकली, वाकून वाकून बघितलं. एक बीळ दिसेना. पुढच्या खुंटीपाशीही नाही. त्याच्या पुढे? तेही नाही.

"शून्य!" मी बांधाकडे बघून ओरडले. "शून्य! शून्य!"

आणि मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आठवड्यात निम्म्या निवट्या गायब! अरे, हा तर शोध आहे! मी वहीत तीन गोल गरगरीत शून्यं काढली आणि पुढे उद्गारचिन्ह. एक नाही, दोन.

त्या आठवड्यात मी जमिनीवर नव्हतेच. घरच्या ग्रुपवर वहीच्या पानाचा फोटो टाकला. साताऱ्याच्या आत्याने 'नाव काढलंस पोरी' म्हणून पाच पुष्पगुच्छांचे इमोजी पाठवले. बाबा न्हावा शेव्याला एका क्लिअरिंगच्या ऑफिसात कागदपत्रं बघतात. कंटेनर सुटायच्या आधी प्रत्येक कागद त्यांच्या डोळ्याखालून जातो. असा माणूस, जो पुराव्याशिवाय 'आज मंगळवार आहे' हेसुद्धा मान्य करत नाही, त्याने ऑफिसात सांगून टाकलं की मुलीने शोध लावला. निवट्या कोणी मारल्या याचा मी मनातल्या मनात खटलाही चालवला आणि निकालही दिला. लिफ्टमध्ये आता मी स्वतःहून विषय काढत होते.

मॅडमनी मात्र शुक्रवारच्या मीटिंगमध्ये माझं भाषण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एकदा परत मोजून आण. मग बोलू."

तिसऱ्या रविवारी जाता आलं नाही, सोमवारपासून युनिट टेस्ट होत्या. म्हणजे उरला चौथा रविवार. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, वही द्यायची. हा रविवार हुकला तर ना शोध राहणार, ना मी. त्यात ताईची नेमकी त्याच दिवशी एंट्रन्स. म्हणून मी शनिवारी सकाळी मावशींना फोन केला.

"मावशी, उद्या येऊ का?"

"उंद्या? उंद्या नको गो. भांग हाय."

"काय आहे?"

"भांग, भांग! सगली घरान बसलेली असतान. पुढच्या आयतवारी ये."

मी "बरं बरं मावशी," म्हटलं आणि फोन ठेवला. मग हसू आवरेना. सगळं गाव? घरात बसून? आणि किती मोकळेपणाने सांगतायत! मी शास्त्रज्ञ असल्यामुळे लगेच वहीत नोंद केली, ती नोंद जशीच्या तशी देते: 'उद्या गावात भांगेचा कार्यक्रम असल्याने स्थानिक मदत उपलब्ध होणार नाही.'

मग ते कौतुकाने घरात सांगितलं आणि सगळं बिनसलं. आईने पोळपाटावरून लाटणं उचललं. "तू जाणार नाहीस."

"अगं, निवट्या थोड्याच भांग पितात!"

"शिवरात्र तर अजून लांब आहे," बाबा कॅलेंडर उलटत म्हणाले. "होळीही नाही. हे कसलं भांगेचं?"

"मला वही द्यायचीय सोमवारी! मला काढून टाकतील!" मी म्हणाले, आणि बोलता बोलता रडू यायला लागलं. मला ते खरंच इतकं हवं होतं. त्या चार आठवड्यांत मला पहिल्यांदा वाटलं होतं की आपण कशाततरी चांगल्या आहोत.

शेवटी बाबा म्हणाले, "मी येतो."

तर रविवारी दुपारी आम्ही दोघं करावेला. बाबा ट्रॅक पँटमध्ये, त्यावर ऑफिसचा शर्ट आणि हातात लांब दांड्याची छत्री. आभाळात ढग नाही. "कुणी अंगावर आलं तर," त्यांनी मला हळूच सांगितलं. वाटेत दोन माणसं पत्ते खेळत बसली होती. बाबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनीच घाबरून नमस्कार केला.

मावशी बांधाजवळ पडवीत जाळं शिवत बसलेल्या. "नको येव सांगितलेलं ना गो?" त्या म्हणाल्या. "आन बापूसला पन आनलंस? बसा भाऊ."

बाबा बसले, पण खुर्चीच्या काठावर. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी घसा साफ केला आणि अगदी जपून विचारलं, "तुमच्याकडे आज भांग आहे म्हणे?"

"हाय ना. कालपासून हाय."

"काल... कालपासून?"

"परवापरत रेल."

बाबांनी छत्री घट्ट धरली. "असं वर्षातून एकदा असतं का?"

"वरसातून? दर पंधरा दिसांनी असतो की!"

"दर पंधरा दिवसांनी!" बाबांचा आवाज चिरकला. "आणि कामधंदा?"

"भांगान कसला काम, भाऊ? जालं लावून फायदो नाय. आमी असाच बसतो."

"आणि लहान मुलं? त्यांचं काय?"

"पोरांना बराच की," मावशी म्हणाल्या. "पोरं पोहतान."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत 'चल, उठ' होतं. मी मात्र मावशींकडे बघत होते, कारण त्यांचे डोळे स्वच्छ होते, हातातली सुई झरझर चालली होती आणि जाळ्याची एक गाठ चुकत नव्हती. "मावशी," मी विचारलं, "भांग म्हणजे पितात ती ना?"

मावशींची सुई थांबली. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या छत्रीकडे. आणि मग त्या जे हसायला लागल्या! पदर तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी, मांडीवरचं जाळं खाली. घरातून सून धावत आली, तिला सांगता येईना. "पितात...!" एवढंच म्हणायच्या आणि परत सुरू. बाबा आधी ओशाळले, मग त्यांच्याही मिशा हलायला लागल्या, आणि मला तर पोटात दुखेपर्यंत हसू आलं, का हसतोय ते कळायच्या आधीच.

हसणं ओसरल्यावर मावशींनी मला हाताला धरून बांधावर नेलं. जेट्टीच्या खांबाकडे बोट दाखवलं. पाण्याच्या चार हात वर एक काळी वाळलेली रेघ होती. "ते उधान," त्या म्हणाल्या. "आमोशा-पुनवेला. पानी वर पन लय चढतं, आन खाली पन लय उतरतं. आन आष्टमी-नवमीला भांग. पानी जास्त चढत नाय, जास्त उतरत पन नाय. तुझे त्ये खालचे खुंटे आज उघडे परनारच नाय. म्हनून सांगितलं, नको येव."

मी खाडीकडे बघितलं. खालच्या तीन खुंट्या गढूळ पाण्यात उभ्या होत्या. अगदी दुसऱ्या रविवारसारख्या.

हसू तिथल्या तिथे थिजलं. दहावीत मी याची आकृती काढली होती, सूर्य, चंद्र, पृथ्वी काटकोनात, दोन मार्क. नीप टाइड! इंग्लिश मीडियममध्ये पाठ केलेलं. तक्त्यात वेळेच्या शेजारी पाण्याची उंचीसुद्धा छापलेली असते, ती मी एकदाही वाचली नव्हती. मला वाटायचं, ओहोटी म्हणजे ओहोटी. निवट्या कुठेही गेल्या नव्हत्या हो. माझ्या पायाखाली, त्या घोटाभर पाण्याखाली, आपापल्या बिळांत मजेत बसल्या होत्या, आणि मी वर उभी राहून 'शून्य, शून्य' ओरडत होते.

वरच्या तीन खुंट्या मोजून आम्ही रिक्षात बसलो. शोध गेला होता. आता फक्त मी उरले होते, आणि माझी वही.

घरी येऊन वही उघडली. ती दोन उद्गारचिन्हं बघून मला मरावंसं वाटलं. पहिला विचार आला, पान फाडावं. दुसरा, व्हाइटनर. तिसरा विचार सगळ्यात वाईट होता. पहिल्या आठवड्याचे आकडे माझ्याकडे होते, त्याच्या आसपासचे आकडे चौथ्या आठवड्यात लिहिले असते, तर कोणाला कळलं असतं? मी पेन हातात घेऊन बसले होते, हे कबूल करते. बाबा चहा घेऊन आले आणि माझ्या खांद्यावरून वही बघितली.

"चुकलंय?"

"हो."

"मग खोडू नको. आमच्याकडे कागदावर खाडाखोड दिसली की अख्खा कंटेनर अडतो. चुकलेल्यावर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते, आणि सही."

"पण मग मॅडमना कळेल."

"कळावं म्हणूनच तर सही असते," ते म्हणाले आणि चहात बिस्किट बुडवलं.

मी तीनही शून्यांवर एकेक रेघ मारली. शेजारी लिहिलं: 'शून्य नव्हे. भांग होता, पाणी उतरलं नव्हतं, बिळं दिसली नाहीत. असतील.' खाली सही. चौथ्या आठवड्याच्या खालच्या तीन रकान्यांत लिहिलं: 'दिसलं नाही.' आणि ती भांगेच्या कार्यक्रमाची नोंद, तिच्यावरही रेघ, तिच्याही शेजारी सही. माहिती कोणी दिली, तर करावेच्या मावशींनी. लिहून झालं तेव्हा इतकं हलकं वाटलं की मी बाबांचं उरलेलं बिस्किट खाऊन टाकलं.

सोमवारी मॅडमनी वही घेतली आणि तिथेच, माझ्यासमोर, पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. मी उभी. पंखा फिरतोय. दुसऱ्या रविवारच्या पानाशी त्या थांबल्या. मग पुढचं पान. मग भांगेच्या कार्यक्रमाशी आल्या, आणि नागपूरच्या त्या सरळ, तोंडावर बोलणाऱ्या बाईने टेबलावर डोकं ठेवलं. खांदे हलत होते. मला आधी वाटलं, रडतायत.

"भांगेचा कार्यक्रम!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "काय करून राहिली तू, पोरी!" मग परत मागचं पान उघडलं आणि हसणं हळूहळू थांबलं. त्या तीन रेघांवरून त्यांनी बोट फिरवलं. "असतील," त्यांनी माझा शब्द मोठ्याने वाचला.

"मॅडम, सॉरी," मी म्हणाले. "माझा शोध गेला."

त्या उठल्या, मागचं लोखंडी कपाट उघडलं आणि वह्यांचा गठ्ठा काढून माझ्या हातांवर ठेवला. मग दुसरा. धुळीने मला शिंक आली. "यातही शून्यं आहेत," त्या म्हणाल्या. "पुष्कळ. प्रत्येक वहीत तारीख आहे, वेळ आहे. पाणी कुठपर्यंत उतरलं होतं, ते कोणीच लिहिलेलं नाही. तारखेवरून तिथी काढायची. अष्टमी-नवमीच्या आसपास शून्य दिसलं की पेन्सिलने गोल कर."

माझ्या हातांत हनुवटीपर्यंत वह्या होत्या. "म्हणजे मी आहे का, मॅडम?"

"मग एवढी शून्यं कोण तपासणार? मी एकटी?"

मी किंचाळले. लॅबमध्ये, मोठ्याने. दोन वह्या खाली पडल्या, त्या उचलायला वाकले तर आणखी चार पडल्या, आणि मी वेड्यासारखी हसत फरशीवरच बसून गोळा करायला लागले. त्यात सगळ्यात जुनी एक वही होती, कव्हर उसवलेलं, आत निळ्या शाईचं बारीक, नेटकं अक्षर. एका पानावर ओळीने शून्यंच शून्यं, आणि शेवटी उद्गारचिन्ह. एक नाही, दोन.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माझी," मॅडम म्हणाल्या. "इथून सुरू कर." आणि साडी सावरून त्याही माझ्याशेजारी फरशीवर बसल्या.